कर्णधार रॉबर्ट स्मॉल्स

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नकाशा उघडावा आणि अटलांटिक महासागराच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे बोट फिरवीत जावे, म्हणजे साउथ कॅरोलायना राज्याच्या दक्षिण कोपऱ्यात ब्यूफर्ट नावाचा एक जिल्हा लागतो. समुद्राने येथे भूमीत जागोजाग हात घातले आहेत. लहानमोठी बेटे, त्यांमधून वळणे घेत गेलेल्या खाड्या, भरतीला बुडणारी व ओहोटीला उघडी पडणारी खाजणे आणि काठाकाठाने उभे असलेले प्रचंड ओक वृक्ष, असा हा प्रदेश आहे. कोकण-गोव्याच्या खाडीकाठी वाढलेल्या माणसाला तो फारसा परका वाटू नये. ब्यूफर्ट हे जिल्ह्याचे मुख्य गाव १७११ साली वसले. त्या राज्यातील जुन्या गावांत त्याचा क्रम दुसरा लागतो.

या बेटांवर लांब धाग्याचा, रेशमासारखा मऊ कापूस पिकत असे. परदेशच्या बाजारात त्याला मोठा भाव येई आणि त्या पैशावर मळेवाल्यांचे टोलेजंग वाडे उभे राहत. परंतु तो कापूस पेरणारे आणि वेचणारे हात मळेवाल्यांचे नव्हते. आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांचे आणि त्यांच्या वंशजांचे ते हात होते. कायद्याच्या दृष्टीने ही माणसे म्हणजे धन्याची मालमत्ता होती. गुराढोरांप्रमाणे त्यांचा सौदा होई. आई एका मळ्यावर आणि मूल दुसऱ्या मळ्यावर, अशी ताटातूट नित्याची होती. बेटांवर गोऱ्यांपेक्षा यांचीच संख्या कितीतरी अधिक होती. आफ्रिकेतील अनेक भाषा आणि इंग्रजी यांच्या मिलाफातून त्यांची गुल्ला नावाची एक आगळी बोली तेथे निर्माण झाली. ती बोली, त्यांची भजने आणि गवताच्या सुबक टोपल्या विणण्याची त्यांची कला हे आजही त्या किनाऱ्याचे भूषण मानले जाते.

अशा या गावी, प्रिन्स स्ट्रीट नावाच्या रस्त्यावरील एका वाड्याच्या मागील खोपटात, ५ एप्रिल १८३९ रोजी रॉबर्टचा जन्म झाला. वाडा हेन्री मकी या मालकाचा होता आणि रॉबर्टची आई लिडिया ही त्या घरची दासी होती. आई दासी म्हणून मुलगाही जन्मतःच दास, असा तेव्हाचा कायदा होता. मुलगा चुणचुणीत असल्यामुळे मालकाची त्याच्यावर मर्जी होती. घरकामापलीकडे त्याला फारसे कष्ट पडत नसत. दुसऱ्या एखाद्या आईला याचे समाधान वाटले असते. लिडियाला मात्र धास्ती वाटू लागली. मालकाच्या कृपेच्या सावलीत वाढलेल्या या पोराला आपल्या लोकांचे दुःख कधी कळणारच नाही, अशी ती धास्ती होती. म्हणून तिने त्याला मुद्दाम शेतावरच्या गुलामांचे जिणे पाहावयास लावले. पाठीवर कोरडे कसे ओढतात, हे त्या कोवळ्या मुलाने आईच्या इच्छेने पाहिले. एका निरक्षर मातेने आपल्या मुलाला दिलेला हा पहिला धडा होता आणि तो त्याच्या अंतःकरणात इतका खोल रुजला की, तो उघडउघड बंडखोरपणा करू लागला. या वागण्याने त्याच्या जिवावर बेतेल, हे ओळखून आईनेच मालकाला विनवणी केली आणि बाराव्या वर्षी रॉबर्टची रवानगी चार्ल्स्टन शहरी झाली.

चार्ल्स्टन हे त्या किनाऱ्यावरचे मोठे बंदर. तेथे रॉबर्टने आधी हॉटेलात काम केले, मग रस्त्यावरचे दिवे लावले, आणि शेवटी त्याचे पाय आपसूक धक्क्याकडे वळले. मालाची चढउतार, शिडे शिवणे, दोरखंड बांधणे, असे करता करता तो गलबतांच्या सुकाणूपर्यंत पोहोचला. मजुरी त्याची, पण ती जमा होई मालकाच्या खात्यावर. त्यातून आठवड्याला एक डॉलर तेवढा त्याच्या हाती पडे. बंदराच्या मुखातील वाळूचे दांडे, भरतीचे प्रवाह, खडकांच्या जागा हे सारे त्याने शिकून घेतले. लिहिता-वाचता येत नसल्यामुळे त्याची सारी विद्या डोळ्यांत आणि स्मरणात साठविलेली होती. सुकाणू धरण्यात त्याच्या तोडीचे लोक थोडे होते. तथापि कर्णधार हा मानाचा शब्द गोऱ्यांसाठी राखून ठेवलेला होता. काम कर्णधाराचे करूनही गुलामाला त्या नावाने कोणी संबोधीत नसे.

सतराव्या वर्षी, १८५६ च्या डिसेंबरात, हॉटेलात काम करणाऱ्या हॅना जोन्स नावाच्या दासीशी त्याने लग्न केले. हॅनाचा मालक वेगळा होता. पुढे मुलगी झाली, तीही आईच्या मालकाचीच ठरली. आज ना उद्या तो मालक या दोघींना दूरदेशी विकून टाकील, ही टांगती तलवार रॉबर्टच्या डोक्यावर होती. आपली पत्नी आणि आपले मूल आपणच विकत घ्यावे, असे त्याने ठरविले. किंमत ठरली ८०० डॉलर. आठवड्याला एक डॉलर हाती येणाऱ्या माणसाने ही रक्कम केव्हा जमवावी, याचा हिशेब ज्याचा त्यानेच करून पाहावा.

इतक्यात १८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्धाचा भडका उडाला. गुलामगिरी टिकविण्यासाठी दक्षिणेकडील राज्ये फुटून निघाली आणि युद्धाची पहिली तोफ चार्ल्स्टनच्या बंदरातच, समटर किल्ल्यावर, डागली गेली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. या नाकेबंदीचे धक्के आपल्याकडेही बसले. अमेरिकेचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला आणि १८६५ साली युद्ध संपताच तो ओसरून कित्येक पेढ्या बुडाल्या. मुंबईच्या व्यापाऱ्यांचे लक्ष ज्या समुद्रावर खिळले होते, त्याच समुद्रावर चार्ल्स्टनच्या बंदराबाहेर उत्तरेची जहाजे नांगर टाकून उभी होती; आणि बंदराच्या आत रॉबर्ट स्मॉल्स त्यांच्याकडे रोज पाहत होता. त्यातच १८६१ च्या नोव्हेंबरात उत्तरेच्या आरमाराने ब्यूफर्टचा किनारा जिंकला. मळेवाले घरेदारे टाकून पळाले आणि तेथील सुमारे दहा हजार गुलाम मागे राहिले. रॉबर्टची जन्मभूमी मोकळी झाली. तो मात्र शत्रूच्याच सेवेत अडकून पडला.

'प्लँटर' नावाच्या आगबोटीवर त्याची नेमणूक झाली होती. मूळची कापूस वाहणारी ही बोट आता दक्षिणेच्या सैन्यासाठी तोफा व दारूगोळा नेत असे. तिच्यावर तीन गोरे अधिकारी होते. बाकीचे खलाशी गुलाम होते. रात्री अधिकाऱ्यांनी बोटीवरच राहावे, असा सक्त हुकूम होता. परंतु १२ मे १८६२ च्या रात्री ते तिघेही हुकूम मोडून शहरात गेले. बोटीवर तिच्या स्वतःच्या दोन तोफा होत्याच. शिवाय एका ठाण्यावरून उतरवून आणलेल्या आणखी चार मोठ्या तोफा त्याच दिवशी तिच्यावर चढविल्या होत्या. स्मॉल्स आणि त्याचे सोबती कित्येक दिवस ज्या संधीची वाट पाहत होते, ती हीच.

१३ मेच्या पहाटे तीनच्या सुमारास त्यांनी बॉयलर पेटविला आणि बोट धक्क्यावरून हलविली. पळून जाण्याची घाई दिसू नये म्हणून ती नेहमीच्याच संथ चालीने निघाली. वाटेत दुसऱ्या एका धक्क्याला लागून त्यांनी दडून बसलेल्या बायकामुलांना वर घेतले. सारे मिळून सोळा-सतरा जीव होते. पकडले गेलोच तर जिवंत हाती लागावयाचे नाही, बोट बुडवून तिच्यासह जलसमाधी घ्यावयाची, असा त्यांनी निश्चय केला होता. स्मॉल्सने कप्तानाची रुंद काठाची गवती टोपी डोक्यावर चढविली आणि कप्तान जसा उभा राही, तसाच तो सुकाणूजवळच्या खिडकीपाशी उभा राहिला. एकामागून एक ठाणी आली. प्रत्येक ठाण्यासमोर त्याने ठरलेल्या खुणेची शिट्टी दिली. ती खूण त्याला पाठ होती. शेवटी समटर किल्ला आला. साडेचारचा सुमार होता आणि पूर्वेला फटफटू लागले होते. बायकामुलांचे प्राण कंठाशी आले. स्मॉल्सने शिट्टी दिली. किल्ल्यावरच्या पहारेकऱ्याने बोटीला पुढे जाऊ दिले.

किल्ल्याच्या तोफांचा पल्ला ओलांडताच बोटीने वेग घेतला आणि ती थेट उत्तरेच्या जहाजांकडे वळली. आता संकट दुसऱ्या बाजूने होते. दक्षिणेची बोट चाल करून येत आहे, असे वाटून 'ऑनवर्ड' नावाच्या जहाजाने तोफा रोखल्या. परंतु स्मॉल्सच्या सोबत्यांनी दक्षिणेचे निशाण उतरवून त्या जागी पांढरी चादर चढविली होती. ती चादर हॅनाने येताना बरोबर आणली होती. उजाडत्या प्रकाशात ती वेळेवर दिसली आणि तोफा थांबल्या. अशा रीतीने तेवीस वर्षांच्या एका गुलामाने एकही गोळी न झाडता बोट, सहा तोफा आणि त्यांच्याइतकीच मोलाची माहिती उत्तरेच्या स्वाधीन केली. खुणांचे पुस्तक त्याने दिले. बंदरात सुरुंग कोठे पेरले आहेत आणि कोणते ठाणे रिकामे झाले आहे, हेही सांगितले. पत्नीच्या आणि मुलीच्या सुटकेसाठी आता ८०० डॉलरांची गरज उरली नव्हती.

सामान्य माणूस येथे विसावला असता. स्मॉल्सला १,५०० डॉलरांचे बक्षीस मिळाले, नाव झाले, कुटुंब सुखरूप होते. पण आईने दाखविलेले कोरडे तो विसरला नव्हता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो मॅन्सफील्ड फ्रेंच या धर्मोपदेशकाबरोबर वॉशिंग्टनला गेला आणि गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांना सैन्यात घ्यावे, अशी बाजू त्याने युद्धमंत्री स्टॅन्टन यांच्यापुढे मांडली. पाच हजारांपर्यंत कृष्णवर्णीय शिपाई भरती करण्याची परवानगी ब्यूफर्टच्या सेनाधिकाऱ्यांना मिळाली. पुढील वर्षी चार्ल्स्टनवरील हल्ल्यात 'किओकक' या चिलखती जहाजाचे सुकाणू स्मॉल्सच्या हाती होते. शत्रूचे नव्वदाहून अधिक गोळे त्या जहाजावर आदळले आणि दुसऱ्या दिवशी ते बुडाले, स्मॉल्स बचावला. १८६३ च्या डिसेंबरात 'प्लँटर' बोट एका अरुंद खाडीत शत्रूच्या माऱ्यात सापडली. गोरा कप्तान शरण जाऊ पाहत होता. परंतु बोटीवरच्या कृष्णवर्णीयांना शत्रू युद्धकैदी म्हणून वागविणार नाही, हे स्मॉल्सला पक्के ठाऊक होते. त्याने सूत्रे हाती घेऊन बोट माऱ्यातून बाहेर काढली. या पराक्रमाबद्दल त्याला त्याच बोटीचा कप्तान नेमण्यात आले. जे नाव चार्ल्स्टनच्या धक्क्यावर त्याला नाकारले गेले होते, ते आता रीतसर त्याचे झाले.

१८६४ साली बोटीच्या दुरुस्तीसाठी त्याला काही महिने फिलाडेल्फिया येथे राहावे लागले. तेथे शिक्षक ठेवून त्याने धुळाक्षरांपासून आरंभ केला. ज्याच्या शौर्याची वर्णने वर्तमानपत्रांतून छापून येत होती, त्याला ती वाचता येत नव्हती, ही उणीव त्याने पंचविसाव्या वर्षी भरून काढली. त्याच शहरात ट्राममधून जाताना गोऱ्या उतारूसाठी जागा सोडण्याचा त्याला हुकूम झाला. अपमान सोसून प्रवास करण्याऐवजी तो खाली उतरला. युद्धवीराला मिळालेल्या या वागणुकीमुळे शहरात मोठी चळवळ उभी राहिली आणि १८६७ साली पेन्सिल्व्हेनिया राज्यात वाहनांतील वर्णभेदाला कायद्याने बंदी झाली.

युद्ध संपल्यावर स्मॉल्स ब्यूफर्टला परतला. प्रिन्स स्ट्रीटवरच्या ज्या वाड्याच्या मागे त्याचा जन्म झाला होता, तो कर थकल्यामुळे सरकारने जप्त करून लिलावात काढला होता. स्मॉल्सने तो विकत घेतला. जुन्या मालकपक्षाने दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल स्मॉल्सच्या बाजूने लागला. ज्या घरात लिडियाने उभे आयुष्य सेवा केली, त्याच घरात ती आता घरधन्याची आई म्हणून राहू लागली. मकी घराण्याची वृद्ध मालकीण पुढे विपन्न झाली, बुद्धीही भ्रमिष्ट झाली, तेव्हा स्मॉल्सने तिलाही याच घरात आश्रय दिला, असे ब्यूफर्टमध्ये परंपरेने सांगतात.

मात्र त्याच्या मनात घराहून शाळेला अधिक मोठे स्थान होते. ब्यूफर्टच्या भूमीत शिक्षणाचे बीज युद्धकाळीच पडले होते. जवळच्या सेंट हेलेना बेटावर लॉरा टाउन या बाईने १८६२ साली मुक्त गुलामांच्या मुलांसाठी पेन स्कूल ही शाळा काढली होती. स्मॉल्सने १८६७ साली गावातील कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेसाठी एक दुमजली इमारत मिळवून दिली. १८६८ साली राज्याची नवी घटना तयार करण्यासाठी परिषद भरली, तेव्हा ब्यूफर्टचा प्रतिनिधी या नात्याने त्याने सर्व मुलांना खुल्या असलेल्या मोफत सार्वजनिक शाळांचा ठराव मांडला आणि ती तरतूद घटनेत आली. गुलामाला अक्षर शिकविणे हाच जेथे गुन्हा होता, त्या राज्यात हे घडले. या शाळांचा लाभ गरीब गोऱ्यांच्या मुलांनाही झाला, हे विसरता कामा नये.

या घडामोडींचा प्रतिध्वनी महाराष्ट्रातही उमटला. १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी आपला गुलामगिरी हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण करून. आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवावा, ही त्यामागची तळमळ होती. फुले पुण्यात हे लिहीत होते, त्या वेळी रॉबर्ट स्मॉल्स साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळात बसत होता. दोघांची भेट कधी झाली नाही. परंतु शाळेचे दार सर्वांना उघडावे, हा ध्यास दोघांचाही होता.

१८७५ साली स्मॉल्स राष्ट्राच्या लोकप्रतिनिधिगृहात दाखल झाला आणि १८८७ पर्यंत, मधले काही काळ वगळता, पाच वेळा सभासद झाला. मात्र वारे आता फिरले होते. लाल सदरे घालून घोड्यांवरून हिंडणाऱ्या गोऱ्यांच्या टोळ्या कृष्णवर्णीय मतदारांना दहशत घालू लागल्या. १८७८ साली गिलिसनव्हिल या गावी अशाच शेकडो घोडेस्वारांनी स्मॉल्सला वेढले. आसपासचे शेतकरी हाती लागेल ते हत्यार घेऊन धावून आले, म्हणून तो वाचला. त्याआधी १८७७ साली, सरकारी छपाईच्या कंत्राटात ५,००० डॉलर लाच घेतल्याच्या आरोपावरून त्याला शिक्षाही झाली होती. हा खटला राजकीय सूडाचा होता, असे त्याच्या बाजूचे लोक म्हणत. १८७९ साली राज्यपालांनी त्याला माफी दिली. चरित्र लिहिताना हा भाग झाकून ठेवणे योग्य नव्हे. पण त्याच्या जिल्ह्यातील लोकांनी त्यानंतरही त्याला निवडून दिले, हेही तितकेच खरे आहे.

त्याच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग आला १८९५ साली. राज्याची घटना पुन्हा बदलण्यासाठी परिषद भरली. कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेणे हाच तिचा उघड हेतू होता. १६० प्रतिनिधींत कृष्णवर्णीय अवघे सहा होते आणि त्यांतील पाच एकट्या ब्यूफर्ट जिल्ह्याचे होते. मतदाराने घटनेतील कलम वाचून दाखवावे वा लिहावे, नाहीतर ३०० डॉलरांच्या मालमत्तेवर कर भरलेला असावा, अशी अट पुढे आली. परीक्षा घेणारा अधिकारी गोरा असणार, तेव्हा कोणाला उत्तीर्ण करावयाचे हे ठरलेलेच होते. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्याने अक्षरांचे दार सर्वांसाठी उघडले, त्याच्या डोळ्यांदेखत त्याच अक्षरांचा अडसर करून मताधिकाराचे दार लावले जात होते. स्मॉल्स कडाडून बोलला, तर्काने बोलला, आकडे देऊन बोलला. व्हावयाचे ते झालेच. अखेरीस घटनेवर सह्या करण्याची वेळ आली, तेव्हा त्याने सही करण्यास साफ नकार दिला. त्याच्या नकाराने घटना अडली नाही. पण त्या अन्यायाच्या कागदावर त्याचे नाव नाही.

१८८९ पासून १९१३ पर्यंत, मध्यंतरीचा काही काळ सोडल्यास, तो ब्यूफर्ट बंदराचा जकात अधिकारी होता. १९०० साली राष्ट्राच्या विधिमंडळाने 'प्लँटर'च्या मूल्याचा फेरविचार करून त्याला आणखी ५,००० डॉलर दिले. २३ फेब्रुवारी १९१५ रोजी प्रिन्स स्ट्रीटवरच्या त्याच घरात त्याचे देहावसान झाले आणि गावातील टॅबर्नेकल बॅप्टिस्ट चर्चच्या आवारात त्याला चिरविश्रांती देण्यात आली. तेथे आज त्याचा अर्धपुतळा आहे. त्याचे घर १९७४ साली राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून घोषित झाले. यादवी युद्धातील दक्षिणेच्या एका विजयाचे नाव मिरविणाऱ्या अमेरिकन युद्धनौकेचे ते नाव २०२३ साली पुसले गेले आणि तिला रॉबर्ट स्मॉल्सचे नाव देण्यात आले. त्याच्या जिल्ह्यातील लोकांचा हिरावलेला मताधिकार मात्र १९६५ च्या कायद्यानंतरच खऱ्या अर्थाने परत मिळाला; तोवर त्याच्या मृत्यूला अर्धशतक लोटले होते.

विद्यार्थिमित्रहो, स्मॉल्सचे नाव निघाले की लोक त्या एका पहाटेची गोष्ट सांगतात. ती रोमांचकारी आहे यात शंका नाही. परंतु ती पहाट दीड-दोन तासांची होती. त्यानंतर त्याने बावन्न वर्षे जी झुंज दिली, ती शाळेसाठी, मतासाठी आणि मानासाठी होती. तिच्यात त्याला यशाइतकेच अपयशही आले. स्वातंत्र्य एखाद्या रात्रीच्या धाडसाने मिळू शकते, पण ते राखण्याचे काम रोजचे असते आणि ते एका पिढीत पुरे होत नाही. ज्या शाळेत आपण आज निःशंकपणे जाऊन बसतो, तिचे दार कधी काळी कोणीतरी आपल्यासाठी उघडलेले असते आणि ते उघडे ठेवणे आता आपल्याकडे आलेले असते. ब्यूफर्टच्या त्या कर्णधाराचे स्मरण करावयाचे ते एवढ्यासाठी.